घडणावळ एवढी का?

मी कोल्हापूरच्या गुजरीत साज घडवतो. गिऱ्हाईक विचारतं, ‘सोन्याचा भाव कळला, पण घडणावळ एवढी का?’

तर ऐका. साजाची पारंपरिक पानं २१. दशावतारांची १०, अष्टमंगलाची ८, माणिक-पाचूची २ आणि १ ताईत. पत्रा ठशावर ठोकायचा, टाकणखार लावून जोड द्यायचे. आच जरा वाढली की पान वितळलंच! मग पोकळ मण्यांत लाख भरायची. त्यामुळेच पातळ पत्रा चेपत नाही अन् कमी सोन्यात साज भरदार दिसतो. म्हणजे तुमचं सोनं हातच वाचवतो, पण काट्यावर हाताचं वजन दिसत नाही.

मुलगा बारावीला आहे. विचारतो, ‘बाबा, यात पोट भरेल का?’ घडणावळीत घासाघीस करताना त्याचा प्रश्न आठवा, एवढंच.