नोंदीखाली नाव कुणाचं?

नाशिकच्या आपल्या कट्ट्यांवर गाझा, सुदान, अफगाणिस्तान यांवर रोज वाद होतात. माहिती मात्र फॉरवर्डमधली. लिहिलं कुणी, कधी? पत्ता नाही.

मराठीत ही सोय जुनी आहे. अमेरिकेत डॉक्टरेट केलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड काढले. पहिल्याचं नावच ‘हिंदुस्थान आणि जग’. पुढे वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. जाणकारांनी लिहिलेला, नोंदीखाली लेखकाचं नाव असलेला. आज तो मोबाईलवर फुकट वाचता येतो.

पण त्याचा पहिला खंड 1976चा. त्यातली ‘अफगाणिस्तान’ नोंद सोव्हिएत फौजा 1979च्या डिसेंबरात घुसण्याआधीची. तालिबान तिथे कुठून सापडणार? छापलेला खंड तिथेच थांबतो, ऑनलाइन नोंद मात्र पुन्हा लिहिता येते.

ती लिहायला राज्यशास्त्र, फारसी, अरबी जाणणारे मराठी लेखक लागतात. आपल्यातल्या अनेकांना अरबी हरफ वाचता येतात; हरफ वाचणं म्हणजे भाषा येणं नव्हे, हे आपल्यालाही माहीत आहे. तरी निम्मी वाट चाललेलीच आहे. कॉलेजात मराठी, घरी उर्दू आणि सोबत अरबीचा पक्का अभ्यास, एवढी तयारी फार थोड्यांना जमेल. आपल्याला जमेल.

राज्यशास्त्र घेतलेल्यांनी आज सभेनंतर थांबा. ‘अफगाणिस्तान’ची जुनी नोंद सोबत वाचू आणि 1979नंतरचं काय काय लिहायचं, त्याची यादी करू.