अतिवृष्टी वाढली, असे कधी म्हणावे?



मिळालेला वेळ मी एकाच प्रश्नासाठी वापरणार आहे. अतिवृष्टी वाढली, असे आपण कशाच्या बळावर म्हणतो?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याची नोंद ७५ मिलिमीटरही भरली नाही. केवळ कुलाब्याच्या वहीवर विसंबलो असतो, तर तो दिवस पावसाळ्यातल्या इतर दिवसांत मिसळून गेला असता. मुंबईचे जुने नाले तर ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेले. पण इतका भयंकर दिवससुद्धा, एकटा असेल तर, कल सिद्ध करत नाही. शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित असलेला पाऊस एका ठिकाणी तीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के असते. देशभरात हजार केंद्रे धरली, तर हवामान मुळीच न बदलताही असा पाऊस दरवर्षी सरासरी दहा केंद्रांवर पडेल.

अडचण इथेच आहे. टोकाच्या घटना विरळ असतात. एकेका केंद्राची मालिका घेऊन कल शोधणारी मान-केंडॉल चाचणी लावली, तर खरा कलही गोंगाटात बुडतो. आणि पाच टक्के सार्थकता पातळीवर शंभर केंद्रे तपासली, तर कल नसतानाही सुमारे पाच ठिकाणी तो दिसतो. शिवाय ही चाचणी केवळ क्रम पाहते. मालिकेतला सर्वोच्च आकडा ३०० असो वा ९४४, तिच्या लेखी दोन्ही सारखेच. प्रणवकुमार सेन यांनी १९६८ मध्ये दिलेला उताराचा अंदाजही एकट्यादुकट्या राक्षसी आकड्याने हलत नाही. सरासरी कलासाठी हा मोठा गुण आहे. पण आपल्याला त्या राक्षसाचीच चौकशी करायची असेल, तर गम्बेल यांच्या परंपरेतली चरम मूल्यांची वितरणे घ्यावी लागतात आणि त्यांचे प्राचल काळानुसार बदलू द्यावे लागतात.

हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी मध्य भारताचा विस्तीर्ण पट्टा एकत्र घेतला आणि १९५१ ते २००० या काळातला रोजचा पाऊस तपासला. मोसमाच्या सरासरीत लक्षणीय कल नव्हता. मात्र अतिवृष्टीच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. दोन्ही बदलांनी एकमेकांना झाकून टाकले होते. सरासरीवर समाधान मानणाऱ्या आपल्या सवयीला मला यापेक्षा सणसणीत उत्तर माहीत नाही. पुढे २०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दाखवले.

आणि कल नाही, हे सिद्ध करणेही तितकेच मोलाचे असते. १९२६ च्या ओरिसातील महापुरानंतर नदीचे पात्र उंचावले आहे, म्हणून बांध वाढवा, असे अभियंत्यांचे मत होते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि पात्र उंचावलेले नाही, हे दाखवून दिले. आपल्या शास्त्राची सार्वजनिक उपयुक्तता मी याहून नेमकी सांगू शकत नाही.

हे सारे उभे असते ते नोंदींवर. पर्जन्यमापक हलवला, शेजारी इमारत उभी राहिली, निरीक्षक रजेवर गेला आणि रकान्यात शून्य पडले, की आकड्यांत खोटा कल शिरतो किंवा खरा पुसला जातो. म्हणून केंद्राचा इतिहास आकड्यांइतकाच जपला पाहिजे. अभियंत्यांना माझे सांगणे आहे की, पूल आणि नाले आखताना जुन्या कोष्टकातला एकच आकडा उचलू नका. अंदाजाची खालची-वरची मर्यादाही मागा. संख्याशास्त्रज्ञांनी ती न मागता द्यावी. आणि विद्यार्थी मित्रहो, तालुक्यांच्या कचेऱ्यांत पावसाच्या जुन्या हस्तलिखित वह्या अजून पडून असतील. वाळवी लागण्याआधी आपापल्या जिल्ह्यातल्या निदान एका केंद्राच्या वह्या शोधा, तपासा आणि संगणकावर उतरवून सर्वांसाठी खुल्या करा, ही माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.