गल्ली चुकली तर घर चुकते



राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेल्या या जयसिंगपुरात, परिषदेसाठी आलेल्या संशोधक मित्रहो, आपले मनःपूर्वक स्वागत. गाव आखीव आहे; गल्ल्यांना नावांऐवजी आकडे. आकडा एकाने चुकला, तर पाहुणा भलत्याच घरी चहा पिऊन येतो! मायक्रोआरएनएचेही असेच असते, हे कळल्यावर आपला अवघड विषय मला एकदम ओळखीचा वाटला.

जेमतेम २२ अक्षरांचा हा रेणू. जनुकाचा निरोप प्रथिनापर्यंत पोचू द्यायचा की वाटेतच अडवायचा, हे तो ठरवतो. १९९३ साली अॅम्ब्रोस आणि रुव्कुन या शास्त्रज्ञांच्या कामातून तो एका इवल्या कृमीत उजेडात आला. २०२४ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. पेशीतली कात्री मात्र दरवेळी नेमक्या जागी चालत नाही. म्हणून एकाचीच अनेक रूपे निघतात: कुणाची सुरुवात सरकलेली, कुणाचे शेपूट आखूड किंवा लांब, कुणाला मागून जादा अक्षरे चिकटलेली, कुणात मधलेच अक्षर बदललेले. प्राण्यांत २ ते ८ क्रमांकांची अक्षरे प्रामुख्याने लक्ष्य ठरवतात. सुरुवात एका अक्षराने सरकली, की गल्लीच बदलली.

पण अक्षरे वाचणारे यंत्रही चुकते. म्हणून चाळण लागते: वाचन किती खात्रीचे, रूप किती वेळा आढळले, दुसऱ्या नमुन्यात पुन्हा दिसले का? इथे आमच्या शिवारातला ऊस तुमची परीक्षा घेईल. आजच्या लागवडीच्या उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रे. एकाच जनुकाच्या अनेक प्रती, एकमेकींपासून थोड्याथोड्या वेगळ्या. जी यंत्राची चूक वाटते, ती एखाद्या सख्ख्या प्रतीची खूण असू शकते. चाळण फार कडक झाली, तर सुक्याबरोबर ओलेही जळते. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीत ऊस कसा तगतो, हे शोधणाऱ्याला ते परवडणार नाही.

म्हणून यजमान या नात्याने एकच विनंती. खळ्यावर धान्य पाखडले, तरी आम्ही भुसा फेकत नाही, गोठ्यासाठी राखतो. आपणही कोणते रूप कोणत्या कारणाने वगळले, ते लिहून ठेवा आणि वगळलेलेही जपा.

व्यवस्थेत काही उणे राहिले, तर गोड मानून घ्या.