देणं नसलेलं कर्ज

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला भाषणाची सवय नाही. मी नर्स आहे. रात्रपाळी करून इथं आले आहे, तेव्हा बोलताना मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. ताई म्हणाल्या, 'तुझ्यावर जे आलं ते नुसतं सांग.' तेच सांगते.

२०१० साली मी बी. एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला. वडील शेतकरी, कोरडवाहू जमीन. एका सरकारी बँकेतून एक लाख साठ हजारांचं शैक्षणिक कर्ज काढलं. त्याच सुमारास केंद्र सरकारची व्याज-अनुदानाची योजना सुरू झाली होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिक्षणाच्या काळातलं आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं. मी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दिला. मॅनेजर म्हणाले, 'हप्ते २०१५ पासून सुरू होतील. तोवरचं व्याज सरकारकडून येईल.'

२०१५ मध्येच माझं लग्न झालं. बँकेत नाव बदलून घेतलं. सगळ्याजणी घेतात, तसंच. हप्ते नियमित भरले. जानेवारी २०२० मध्ये शेवटचा भरला. काउंटरवरचे साहेब म्हणाले, 'झालं तुमचं.' मी पेढे दिले आणि घरी आले. ना-देय दाखला मागितला नाही. ही माझी चूक. तिची किंमत पुढं मोजली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. माझी बँकही त्यात गेली. शाखेची पाटी बदलली, खात्याचा नंबर बदलला. आणि २०२२ मध्ये सासरच्या पत्त्यावर नोटीस आली : थकबाकी एक लाख सात हजार रुपये, पंधरा दिवसांत न भरल्यास पगारातून वसुली करू.

नोटीस सासऱ्यांनी फोडली. सासूबाई म्हणाल्या, 'माहेरचं कर्ज घेऊन आलीस, आणि बोलली नाहीस.' नवरा गप्प. भाऊ फोनवर म्हणाला, 'भरून टाक ताई, गावात चर्चा नको.' मी कर्ज फेडलंय, हे माझ्या घरात कुणी विचारलंसुद्धा नाही. बाईच्या नावावर कर्ज आहे म्हटलं की ते तिनं लपवलेलंच असणार!

मग वसुली एजंटचे फोन सुरू झाले. एकदा त्यानं थेट आमच्या मेट्रनबाईंना फोन केला. 'तुमच्या सिस्टरचा पगार कापा, नाहीतर हॉस्पिटलवर केस होईल.' मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. वॉर्डात सगळ्यांना कळलं. माझा पगार तेव्हा पंचवीस हजार. त्यातून घरभाडं आणि मुलीची फी जायची. दोन बांगड्या होत्या, त्या घेऊन मी सोनाराच्या दारापर्यंत गेले होते. खोटं कशाला सांगू?

तिथून परत फिरले आणि संघटनेच्या केंद्रावर आले. ताईंनी पहिला प्रश्न विचारला, 'कोर्टाचा हुकूमनामा आहे का?' नव्हता. 'मग पगार कोण कापणार?'

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. बँकेच्या नुसत्या पत्रावर मालकानं पगार कापायचं कारण नाही. पगारावर जप्ती आणायला आधी दावा, मग हुकूमनामा आणि मग कोर्टाचा आदेश लागतो. तेव्हाही सगळा पगार जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले एक हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे माझ्या पंचवीस हजारांतून फार तर आठ हजार. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हे गणित लागू नाही.

पतसंस्थेचं वेगळं आहे, त्यात गल्लत करू नका. सहकारी संस्थेच्या सभासदानं पगारकपातीचा करार लिहून दिला असेल, तर १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली मालकाला कपात करावी लागते. आणि कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, दिवाणी दाव्याशिवाय. म्हणून कर्जाला, जामिनाला सही करण्याआधी कागद वाचा. नवऱ्यानं पुढं केलेला असला तरी वाचा.

पुढं काय केलं ते क्रमानं सांगते. आधी बँकेला लेखी पत्र दिलं : 'हे देणं मला मान्य नाही, संपूर्ण खातेउतारा द्या.' त्याची शिक्क्यासह पोच घेतली. फोनवर बोलणं बंद. एजंट म्हणाला, 'पन्नास हजारांत मिटवतो, इथं सही करा.' सही केली नाही. थकबाकीची लेखी कबुली मुदतीच्या आत दिली, की दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्यानं सुरू होते. शिवाय तडजोडीची नोंद पतअहवालात राहते, ती वेगळीच.

बँकेनं उत्तर दिलं नाही. सरकारी बँकेला माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपये भरून अर्ज केला : 'माझ्या खात्यासाठी व्याज-अनुदान मागितलं का, किती आलं, कुठं जमा झालं?' पहिलं उत्तर 'माहिती उपलब्ध नाही.' अपील केलं. मग कागद आला.

अनुदान आलं होतं! २०१६ मध्ये, अठ्ठावन्न हजार चारशे रुपये. मागणी माझ्या माहेरच्या नावानं गेली होती, खात्यावर नाव सासरचं. नावं जुळेनात, म्हणून रक्कम शाखेच्या स्वतःच्या खात्यात पडून राहिली. माझ्या खात्यावर ते व्याज तसंच थकीत दिसत राहिलं आणि त्यावर वर्षानुवर्षं व्याज चढत गेलं. विलीनीकरणानंतर नव्या कॉम्प्युटरनं मला थकबाकीदार ठरवलं.

दरम्यान लोकअदालतीची नोटीस आली. वरती न्यायालयाचं नाव बघून घरात पुन्हा रडारड. दावापूर्व प्रकरण होतं ते. तिथं तडजोड मान्य केलीच पाहिजे असं नसतं. पण एकदा मान्य केली, तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. मी गेले, हरकत लेखी दिली आणि सही न करता आले. सोबत विधी सेवा प्राधिकरणाची वकीलबाई होती. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आपल्यातल्या किती जणींना हे माहीत आहे? मला नव्हतं.

बँकेकडे तक्रार करून तीस दिवस उलटले, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले. फी नाही, वकील लागत नाही. पोच, माहिती अधिकाराचं उत्तर, हप्त्यांचा हिशेब, सगळं जोडलं. हप्त्यांच्या पावत्यांवरची शाई उडून कागद कोरे झाले होते; त्याऐवजी माझ्या पगारखात्याचा उतारा लावला. काही महिन्यांनी बँकेनं चूक मान्य केली, खातं शून्य केलं आणि ना-देय दाखला दिला. पतअहवालातली नोंदही दुरुस्त झाली. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. ती आपोआप होत नाही.

माफीचं पत्र आलं नाही. मेट्रनबाईंकडे मात्र मी दाखल्याची प्रत स्वतः नेऊन दिली. सासूबाईंना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. पण परवा शेजारच्या सुनेला नोटीस आली, तेव्हा त्याच तिला म्हणाल्या, 'आधी आमच्या सुनेला दाखव, पैसे भरू नकोस.'

शेवटी एवढंच. लग्नात नाव बदलणं ही घरची हौस असते, पण हिशेब चुकतो तो आपला. नाव बदलायचं की नाही ते आपण ठरवावं. बदललं तर प्रत्येक खात्यात, प्रत्येक योजनेत बदललं का ते स्वतः तपासावं. आणि आपले कागद आपल्या हाताशी असावेत, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या कपाटात नकोत. मी आता एक पिशवी ठेवली आहे. दर पावतीची झेरॉक्स त्यात जाते. मुलीला दाखवून ठेवली आहे, कुठं टांगली आहे ते.

केंद्रावर दर शनिवारी आम्ही दोघी-तिघी बसतो. नोटीस आली तर घाबरून सोनाराकडे जाऊ नका, आधी आमच्याकडे या.