श्रीरामपूरचे विल्यम केरी

ठाणे-कल्याणच्या शाळांत मुलं आज छापील मराठी पुस्तकं सहज हाताळतात. त्यामागे विल्यम केरी या बाप्टिस्ट पाळकांचेही कष्ट आहेत. इंग्लंडमध्ये जोडे शिवणारे केरी १७९३ मध्ये बंगालात आले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीही शिकवत आणि पगारातला मोठा वाटा मिशनच्या कामाला देत. पंडित वैजनाथांच्या मदतीनं त्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. कोशातले मराठी शब्द चक्क मोडी खिळ्यांनी छापलेले! वैजनाथांचं नाव आपण फारसं घेत नाही, ते घ्यायलाच हवं. १८१८ मध्ये केरींनी मार्शमन आणि वॉर्ड या मिशनमधल्या सहकाऱ्यांसह श्रीरामपूरला, म्हणजे नगरकडच्या नव्हे, हुगळीकाठच्या, महाविद्यालय काढलं. जातधर्म न पाहता प्रवेश देणारं ते महाविद्यालय आजही चालू आहे.