सेकंडहँड हेलिकॉप्टर: आधी दात बघा!

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "जुनं टर्बाइन हेलिकॉप्टर केवढ्याला पडतं हो?" तुमच्यापैकी लगेच कोणी घेणार नाहीये, माहितीये मला. पण प्रश्न भारी आहे, कारण विकणारा सांगतो ती किंमत म्हणजे अर्धीच गोष्ट.

बैलबाजारात जाणकार माणूस शिंगांचा रंग बघत नाही, आधी दात बघतो. हेलिकॉप्टरचे दात म्हणजे त्याची लॉगबुकं.

कसं ते सांगतो. गाडीचा पार्ट खराब झाला की आपण बदलतो. हेलिकॉप्टरमध्ये मात्र रोटरची पाती, इंजिनातली टर्बाइनची चाकं, असे कितीतरी भाग ठरलेलं आयुष्य घेऊनच येतात. काहींचं तासांत मोजतात, काहींचं वर्षांत, काहींचं सायकलमध्ये. इंजिन चालू करून बंद केलं की ढोबळमानाने एक सायकल. आयुष्य संपलं की पार्ट कितीही चकचकीत दिसू दे, काढायचाच. आणि तो किती चाललाय याचा कागदच नसेल, तर भंगार समजायचा. वर हवेत पातं तुटलं तर बाजूला घ्यायला रस्ता नसतो.

आता एक उदाहरण घेऊ. रॉबिन्सन आर ६६, पायलट धरून पाच जणांचं, अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळालेलं. समजा जाहिरात आहे: '११ वर्षं जुनं, फक्त ६०० तास उडालेलं.' वाटतं, लॉटरी लागली! पण याचं ओव्हरहॉल २००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा. म्हणजे कागदावर १४०० तास शिल्लक, पण हातात वर्ष फक्त एक. मग सगळं खोलायचं, आणि तो खर्च तुमच्या माथी. स्वस्ताईचं गुपित तिथे आहे.

बेल २०६ जेटरेंजर त्याहून जुनं, १९६० च्या दशकापासून २०१० पर्यंत बनत होतं. इतक्या वर्षांत सांगाडा एका सालचा, इंजिन दुसऱ्याचं, पाती तिसऱ्याची, असं सहज होतं. त्यात वावगं काही नाही. फक्त प्रत्येकाचा कागद वेगळा तपासायचा.

मग इंजिन. टर्बाइन सुरू होताना बॅटरी कमजोर असेल तर ते हळू फिरतं, हवा कमी खेचली जाते, इंधन मात्र पेटलेलं असतं. तापमान काही सेकंदांत मर्यादेपलीकडे जातं. याला 'हॉट स्टार्ट' म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही, आत चाकं भाजलेली असतात. म्हणून बोरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, आत घालून बघतात आणि इंजिन पुरेशी ताकद देतंय का तेही मोजतात.

आणि मशीन राहिलं कुठे, हे विचाराच. खारी हवा खिडकीच्या गजांचं काय करते, ते कोकणातल्यांना सांगायला नको. ॲल्युमिनियमलाही ती सोडत नाही.

ही तपासणी विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून नाही, आपल्या माणसाकडून करून घ्यायची. भारतात आणायचं असेल तर डीजीसीएची नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळेल का, हे ॲडव्हान्स देण्याआधी बघायचं.

थोडक्यात, तुम्ही हेलिकॉप्टर विकत घेत नाही, त्यात उरलेले तास विकत घेता. ते मोजूनच भाव करा. प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!