मनाचा शोध आणि सहा शास्त्रे



आजचा विषय नावाने जरा जड आहे. इंग्रजीत ज्यास ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ म्हणतात, त्यास आम्ही संज्ञानशास्त्र म्हणतो. माणूस ओळखतो, आठवतो, बोलतो, विचार करतो, तो कसा, हा या शास्त्राचा प्रश्न. प्रश्न नवा नव्हे. ज्ञान कोणत्या साधनांनी होते याचा खल आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानून शतकानुशतके केला. नवे एवढेच, की या एका प्रश्नासाठी अनेक शास्त्रांना विद्यापीठात एकत्र बसविण्याचा प्रयत्न झाला. तो कितपत साधला, आणि आपल्या मुलामुलींनी या वाटेने जावे काय, हे आज पाहावयाचे आहे.

एक घरगुती उदाहरण घेऊ. ‘दिवस’ हा शब्द उच्चारताना आधी ‘द्’ येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र पहिली वेलांटी ‘द’च्या डावीकडे उभी असते. डोळ्याला जे आधी भेटते ते जिभेला नंतर हवे असते. मग आपण वाचतो ते सुटा सुटा ध्वनी, की सबंध अक्षर? हे कोणी सांगावे? ध्वनी आणि अक्षर यांची व्यवस्था भाषाशास्त्रज्ञ सांगेल. असा शब्द वाचण्यास किती वेळ लागतो हे मानसशास्त्रज्ञ मोजील. पक्षाघातानंतर एखाद्याचे वाचन का जाते हे मज्जाशास्त्रज्ञ पाहील. दुसऱ्या लिपीत वाढलेल्यांना हेच लागू पडते काय, असे मानवशास्त्रज्ञ विचारील. संगणकशास्त्रज्ञ वाचणारे यंत्र रचून पाहील; आणि त्या यंत्रास अर्थ कळला असे म्हणावे काय, ही शंका तत्त्वज्ञ काढील. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. देवनागरी वाचताना मन काही अंशी ध्वनीवर आणि काही अंशी अक्षरावर चालते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. केवळ व्याकरण किंवा केवळ घड्याळ हाती असते, तर तो निघाला नसता.

आता थोडा इतिहास. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मानसशास्त्रावर वर्तनवादाचा पगडा होता. बाहेरून चेतना काय मिळाली आणि प्रतिसाद काय आला एवढेच मोजावे, मधल्या मनाची भाषा बोलू नये, असा तो दंडक. त्याला तडा गेला १९५६ साली. ११ सप्टेंबर रोजी मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील परिषदेत एकाच दिवशी तीन गोष्टी ऐकावयास मिळाल्या. नेवेल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातील सिद्धांत सिद्ध करणारी संगणकाची आज्ञावली मांडली. तरुण चॉम्स्कीने भाषेच्या रचनेचे गणिती विवेचन केले. आणि मिलरने स्मरणाच्या मर्यादेविषयी सांगितले. मागाहून मिलरने याच दिवसाला या शास्त्राचा जन्मदिवस म्हटले. १९७९ साली या अभ्यासकांची संस्था निघाली आणि १९८६ साली सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात याचा स्वतंत्र विभाग झाला. आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठात २००२ साली केंद्र स्थापन झाले, आणि पुढे गांधीनगरच्या आयआयटीतही पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबणे बरे नव्हे. २०१९ साली राफाएल नुन्येझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शास्त्राचा हिशेब मांडला. नुन्येझ हे त्याच सॅन दिएगोच्या विभागातील प्राध्यापक; म्हणजे टीका घरातूनच झाली. शोधनिबंध, अध्यापकांच्या पदव्या आणि अभ्यासक्रम तपासून ते म्हणाले, की सहा शास्त्रांचा संसार ठरल्याप्रमाणे जमलाच नाही. मानसशास्त्राचा वरचष्मा झाला आणि मानवशास्त्र जवळजवळ घराबाहेर पडले. यावर इतरांचे उत्तर असे, की एकच एक सिद्धांत नसणे हा दोष नव्हे. अनेक वाटा हेच या शास्त्राचे बळ होय.

आमच्या मते दोन्ही पक्षांत तथ्य आहे. शास्त्रे एका इमारतीत बसविल्याने एक होत नाहीत. ती एका नेमक्या प्रश्नापुरती एक होतात. वेलांटीच्या प्रश्नाला भाषाशास्त्र आणि प्रयोग दोन्ही लागले, म्हणून ती जवळ आली. जेथे असा प्रश्न नसतो, तेथे सहा विषयांच्या सहा परीक्षा होतात आणि विद्यार्थी कोणत्याच विषयाचा राहत नाही.

येथे आपल्यापुढची अडचण दिसते. दहावीच्या निकालानंतर आपण मुलांना कला किंवा विज्ञान यांपैकी एका दारातून आत लोटतो. संस्कृत आवडणारी मुलगी संख्याशास्त्रास मुकते, आणि गणितात रमणाऱ्या मुलाला व्याकरण हे शास्त्र आहे याची कल्पनाही येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही भिंत नसावी असे म्हटले आहे. परंतु धोरणाने भिंत पडत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनातूनही ती पडावी लागते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे. मुलाने हा विषय मागितला तर ‘याने पोट भरेल काय?’ हा प्रश्न अवश्य विचारा. तो रास्तच आहे. पण त्यासोबत आणखी दोन विचारा. तुझे पाय कोणत्या एका शास्त्रात घट्ट रोवलेले असतील? आणि दुसऱ्या कोणत्या शास्त्राची पद्धत तू प्रत्यक्ष हाताने शिकणार आहेस? ज्या संस्थेत दोन विभागांचे अध्यापक एकाच वर्गात एकमेकांशी वाद घालतात, ती निवडावी. आज यंत्रे मराठीत उत्तरे देऊ लागली आहेत, आणि शाळेत अक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाला आपण अजून ‘ढ’ म्हणत आहोत. यंत्राला खरोखर समजते काय आणि मुलाला का समजत नाही, हे दोन्ही प्रश्न जाणणारी माणसे आपल्याच गावातून निघाली पाहिजेत.